नेपाळच्या पालिकांना अधिकार मिळाले, मग डोंगरातले रस्ते दर पावसाळ्यात का वाहून जातात?

प्रश्न दोन भागांत आहे. २०१५च्या राज्यघटनेने नेपाळमध्ये गावाला मोठे अधिकार दिले, निधीही थेट जातो. तरी डोंगरी गावांतले नवे रस्ते टिकत का नाहीत आणि शेती ओस का पडते? आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला तिथल्या एका गावात पाण्याचं किंवा शेतीचं काम करायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची?

भ्रष्टाचार हे उत्तर सगळेच देतात, आणि तो आहेही. पण उद्या सगळे प्रामाणिक झाले तरी यातले बरेच रस्ते वाहूनच जातील. कारण पैसा, पाऊस आणि मजूर या तिघांच्या तारखा एकमेकांना चुकवतात.

आधी रचना समजून घ्या. देशात ७ प्रांत, ७७ जिल्हे आणि ७५३ स्थानिक संस्था आहेत. त्यांत ६ महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका आणि ४६० गाउँपालिका, म्हणजे ग्रामीण पालिका. सगळ्यांना मिळून लोक नुसतं ‘पालिका’ म्हणतात. त्यांच्याखाली ६,७४३ वॉर्ड. प्रत्येक वॉर्डात एक अध्यक्ष आणि चार सदस्य. चारांपैकी दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित. निवडणुका २०१७ आणि २०२२ मध्ये झाल्या. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत पालिकेचे २२ अधिकार दिले आहेत: माध्यमिकपर्यंतचं शिक्षण, प्राथमिक आरोग्य, स्थानिक रस्ते, छोटं सिंचन, स्थानिक कर वगैरे. आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना केली तर फसाल. गाउँपालिका ही कागदावर जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि थोडंसं न्यायालय एकत्र केल्यासारखी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये युवकांच्या आंदोलनानंतर पंतप्रधान ओली यांचं सरकार पडलं आणि प्रतिनिधीसभा विसर्जित झाली, तेव्हाही पालिकांचे निवडून आलेले लोक पदावर राहिले. काठमांडूत कोण बसलंय यापेक्षा पालिकेचा अध्यक्ष कोण, हे गावाच्या दृष्टीने अनेकदा जास्त महत्त्वाचं असतं.

आता पैसा. मूल्यवर्धित कर आणि देशांतर्गत अंतःशुल्काचे (एक्साइजचे) ७० टक्के संघाला, १५ टक्के प्रांतांना आणि १५ टक्के पालिकांना जातात. त्याशिवाय चार प्रकारची अनुदानं असतात: समानीकरण, सशर्त, समपूरक आणि विशेष. ऐकायला भरघोस वाटतं. पण सशर्त अनुदान मुख्यतः शिक्षकांच्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात जातं. पालिकेच्या हातातून ते फक्त पुढे सरकतं. डोंगरी गाउँपालिकेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालपोत (जमीन महसूल), घरपट्टी, शिफारसपत्रांचं शुल्क आणि कुठे नदी असली तर वाळू-खडी. दात कोरून पोट भरत नाही, तशातली गत. मोकळेपणाने खर्च करता येईल असा पैसा समानीकरणाचाच, आणि तो वॉर्डनिहाय वाटला की एकेका वॉर्डाच्या वाट्याला तुकडे येतात.

कर्मचाऱ्यांचं दुखणं वेगळंच. पालिकेचा प्रमुख प्रशासकीय अधिकृत संघाकडून येतो, त्याची बदली काठमांडूतून होते आणि दुर्गम पालिकेत तो टिकत नाही. संघीय निजामती (म्हणजे सरकारी नोकरांच्या) सेवेचा कायदा वर्षानुवर्षं रखडला, त्यामुळे कर्मचारी नेमके कोणाचे हा घोळ मिटलेला नाही. तांत्रिक बाजूला दोन-तीन वॉर्डांमागे एखादा ओव्हरसियर. रस्त्याची आखणी, अंदाजपत्रक, मोजमाप सगळं त्याच्याच माथी.

कॅलेंडरचा मुद्दा मात्र नीट पाहा, कारण बाकीचं त्यातून निघतं. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला सुरू होतं, म्हणजे जुलैच्या मध्यावर, आणि असारच्या शेवटी संपतं. (तिथले महिने सौर आहेत, आपल्या आषाढाशी तारखा जुळवायला जाऊ नका.) संघाचा अर्थसंकल्प १५ जेठला (मेअखेरीस) येतो, प्रांतांचा १ असारला (जूनच्या मध्यावर), पालिकांचा १० असारपर्यंत. कागदावर ही शिस्त देखणी आहे. जमिनीवर असं होतं: श्रावण-भाद्र पावसात जातात. मग दशैं-तिहार, म्हणजे दसरा-दिवाळी. मंसिर-पुसात, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, समित्या बसायला लागतात. करार माघ-फागुनात होतात. काम चैतात धरतं आणि बिलं असारात निघतात. आपल्याकडे मार्चअखेरीला जी धावपळ होते ती निदान कोरड्या दिवसांत होते. तिथली मार्चअखेर भर पावसात येते. भांडवली खर्चाचा मोठा हिस्सा शेवटच्या एक-दोन महिन्यांत उडतो. लोकांनी त्याला ‘असारे विकास’ असं नावच ठेवलंय. त्याच महिन्यात भातलावणी असते. १५ असार हा तर रोपाईचा सण, दही-चिउरा खायचा दिवस. म्हणजे सभा अर्थसंकल्प मंजूर करते आहे, ओव्हरसियर मोजमापाच्या वह्या भरतो आहे, गाव चिखलात आहे आणि डोझर ओल्या मातीत डोंगर कापतो आहे, हे सगळं एकाच वेळी.

मजुरांची तारीख तिसरी. डोंगरात बांधकामाचे खरे दिवस मंसिर ते जेठ. पण भात-कोदो (नाचणी) काढून झालं की पश्चिमेकडच्या अछाम, बझाङ, बाजुरा, डोटी अशा जिल्ह्यांतून पुरुष भारताची वाट धरतात. १९५० च्या करारामुळे त्यांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. मुंबई-पुण्यातले चौकीदार आणि हॉटेलातले कामगार आपल्याला दिसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागांचे राखणदार आणि मच्छीमार बोटींवरचे खलाशीही त्यांतलेच. आंब्याचा हंगाम आणि तिकडच्या कामाचा हंगाम एकच आहे. बागेतला माणूस मे-जूनमध्ये घरी परततो तो लावणीसाठी. पूर्व आणि मध्य नेपाळातले तरुण मलेशिया-आखातात असतात, ते तर दोन-तीन वर्षं येत नाहीत. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली आणि २१ लाखांहून जास्त लोक परदेशात असल्याची नोंद झाली. बाहेरून येणारा पैसा सकल उत्पादनाच्या पावपटीच्या आसपास आहे. घर चालतं, मुलं शिकतात, पण श्रमदानाला माणूस उरत नाही.

आणि कायदा तर श्रमदान गृहीत धरून बसलाय. एक कोटी नेपाळी रुपयांपर्यंतचं काम (एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी धरले तर साडेबासष्ट लाख) ठेकेदाराऐवजी उपभोक्ता समितीला, म्हणजे लाभ घेणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीला, देता येतं. समितीत ७ ते ११ सदस्य, किमान ३३ टक्के स्त्रिया, आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी किमान एक स्त्री. लोकांनी काही वाटा श्रमातून उचलायचा, अवजड यंत्रं शक्यतो वापरायची नाहीत, शेवटी सार्वजनिक परीक्षण करून हिशेब मांडायचा. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात समिती सही करते आणि काम डोझरवाला करतो. लोकांचा वाटा अंदाजपत्रक फुगवून कागदावर दाखवला जातो. काही ठिकाणी डोझरचा मालक आणि वॉर्डाचा किंवा पालिकेचा पुढारी एकच असतो. हे सर्रास घडतं ते केवळ लबाडीने नव्हे: चार महिन्यांत पैसे खर्च करायचे, माणसं नाहीत, आणि डोझर तासांच्या हिशेबाने दारात हजर. त्या जागी कोणीही बसवा, तो डोझरच बोलावेल.

डोझरचं काय चुकतं ते आकड्यांत बघा. मध्य डोंगरात ३५ अंशांचा उतार नेहमीचा. त्यावर पाच मीटर रुंदीचा पट्टा पूर्ण कापून काढायचा तर मागची उभी भिंत साडेतीन मीटरची होते आणि किलोमीटरमागे सुमारे ८,७५० घनमीटर माती निघते. तोच पट्टा अर्धा कापून, अर्धा भराव टाकून केला तर मागची भिंत पावणेदोन मीटरची आणि माती साधारण २,२०० घनमीटर, म्हणजे चौथाई; शिवाय तीच भरावात जिरते. पण भरावाला खालून रचलेल्या दगडांचा किंवा जाळीत बांधलेल्या दगडांचा पाया लागतो, थराथराने दाबावं लागतं, आणि ते काम हातांनी होतं. डोझर पूर्ण कापतो आणि माती खाली ढकलून देतो. ती खालच्या शेतांवर, ओढ्यात, झऱ्याच्या तोंडावर पडते. वरची उघडी भिंत पहिल्या दोन-तीन पावसांत सुटते.

दुसरी चूक चढाची. ३०० मीटर चढायचंय आणि चढ ७ टक्के ठेवला तर रस्ता सव्वाचार किलोमीटरचा होतो. पैसे दोन किलोमीटरचे, आणि निवडणुकीआधी गाडी वस्तीपर्यंत पोचली पाहिजे. मग १५-१८ टक्क्यांचा सरळ चढ निघतो. पाणी चाकोरीतून धावायला लागतं, चाकोरीची चर होते, चरीची घळ होते. तिसऱ्या पावसाळ्यात तिथे रस्ता होता हे सांगावं लागतं. पुढच्या अंदाजपत्रकात ‘रस्ता दुरुस्ती’ येते, पुन्हा डोझर येतो.

बरोबर पद्धत नेपाळलाच माहीत आहे. धादिङ, गोरखा, पाल्पा या भागांत ‘हरित सडक’ नावाने ती रुजवली गेली होती. पहिल्या वर्षी अरुंद वाट कापायची, एक-दोन पावसाळे बसू द्यायची, मग टप्प्याटप्प्याने रुंद करायची. सुरुंग नाहीत, कापणी आणि भराव समान. रस्त्याला बाहेरच्या अंगाने ३ ते ५ टक्के उतार द्यायचा, म्हणजे पाणी एका जागी न जमता पसरून उतरतं आणि गटाराचा खर्च वाचतो. उघड्या मातीवर अम्रिसो, बाबियो, नेपियर या गवतांची लावण पावसाच्या तोंडावर करायची. पाऊस अर्धा सरल्यावर लावलेली रोपं हिवाळ्यात मरतात. अम्रिसो म्हणजे ज्याच्या फुलोऱ्याचे झाडू होतात ते गवत: मुळं माती धरतात, पाला गुरांना होतो, झाडू विकले जातात. या पद्धतीला तीन-चार वर्षं लागतात. दर असारला खातं बंद करणाऱ्या निधीत तीन-चार वर्षांचं काम बसत नाही, हीच खरी मेख आहे. बहुवर्षीय ठेक्याची सोय कायद्यात आहे, पण ती मोठ्या प्रकल्पांसाठी वापरली जाते. वॉर्डातल्या तुकड्याला तिच्या वाटेला कोणी जात नाही.

रस्त्याचा पहिला बळी पाणी असतं. डोंगरात वस्त्या झऱ्यांवर जगतात, आणि झरे आटण्याची तक्रार हल्ली जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ऐकू येते. कारणं मिसळलेली आहेत: पावसाचा स्वभाव बदलला, म्हशी डुंबायच्या तळ्या म्हणजे आहाल बुजले, ओसाड पडलेल्या खाचरांत आता पाणी साठत नाही, आणि कापलेल्या रस्त्याने जमिनीखालची वाट तोडली. काही ठिकाणी २०१५ च्या भूकंपानंतर झऱ्यांनी जागाच बदलली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून पाइप टाकण्याआधी झरा मोजा. तोही चैत-वैशाखात, सर्वांत कोरड्या दिवसांत. दहा लिटरची बादली, घड्याळ, पाच वेळा मोजून सरासरी. बादली ५० सेकंदांत भरली तर प्रवाह ०.२ लिटर प्रतिसेकंद, म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर. माणशी ४५ लिटर हा ग्रामीण हिशेब धरला तर साठ घरांच्या, सुमारे २६५ माणसांच्या वस्तीला १२ हजार लिटर लागतात. उरलेलं पाणी म्हशींना जेमतेम पुरेल. रात्रीच्या आठ तासांचं पाणी धरून ठेवायला सहा हजार लिटरची टाकी हवी. तीच मोजणी असोजात (सप्टेंबर-ऑक्टोबरात) केली की आकडा कित्येक पट येतो, योजना मोठी आखली जाते आणि फागुनात नळ कोरडे. सर्वांत जास्त योजना इथेच मरतात.

बाकीचं तंत्र सोपं. साठ मीटरच्या उतरणीमागे दाब तोडणारी एक टाकी, नाहीतर सहा किलो दाबाचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप फुटतो. पाइप पुरेसा खोल गाडा, उघडा राहिला तर उन्हाने आणि वणव्याने जातो. देखभालीला शिकवलेला तरुण वर्षभरात कतारला जातो, म्हणून गावात राहणाऱ्या दोन स्त्रियांना शिकवा आणि दरमहा पाणीपट्टीतून त्यांना मानधन द्या.

झऱ्याच्या मालकीवरून भांडण होणारच. वरच्या वस्तीत झरा, खालच्या वस्तीला पाणी, हा जुना तंटा. त्यासाठी पालिकेची न्यायिक समिती आहे: तीन सदस्य, अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष किंवा उपप्रमुख. कुलो (शेताचा पाट) आणि पाणवठ्याची वाटणी, बांध यांवर तिला निर्णय देता येतो. तीन महिन्यांत निकाल, ३५ दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. अर्थसंकल्प समिती आणि देखरेख समितीही उपाध्यक्षाकडेच असतात, म्हणून अध्यक्षाला हार घालून परत येणाऱ्या संस्था अर्धी पालिका न भेटताच परततात. हे पद बहुधा स्त्रीकडे असतं, कारण दोन्ही पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षाला एक स्त्री द्यावीच लागते. २०२२ मध्ये पक्षांनी युती करून एकेकच पद लढवलं आणि ही अट चुकवली, त्यामुळे स्त्री उपाध्यक्षांची संख्या घटली.

शेतीचं कोडं पैशाने सुटत नाही, हे अनुदान योजनांनी पुरेसं सिद्ध केलंय. सरासरी धारणा अर्धा हेक्टरच्या आसपास, म्हणजे दहा-अकरा रोपनी, आणि तीही वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली. प्रधानमंत्री कृषी आधुनिकीकरण परियोजनेत ‘सुपरझोन’ला हजार हेक्टर, ‘झोन’ला पाचशे अशी मापं होती. तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात, ती जमतात, डोंगरात कागदावर जोडावी लागतात. अनुदानाला लालपुर्जा लागतो, म्हणजे मालकीचा दाखला. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, नवरा आखातात, शेत कसते बायको किंवा अधियाँवर, म्हणजे अर्ध्या वाट्याने, घेतलेला शेजारी. दोघांनाही अनुदान नाही. शिवाय काही समाजांत बाईने नांगर धरू नये अशी रूढी आहे. मिनी टिलरने ती बरीच सैल केली, कारण यंत्राला नांगराचा विटाळ नाही.

जमीन पडीक राहण्यामागे एक जुनी भीतीही आहे. १९६४ च्या भूमी कायद्याने आणि त्याच्या दुरुस्त्यांनी मोही, म्हणजे नोंदलेल्या कुळाला, जमिनीचा निम्मा वाटा मिळू लागला. नव्या कुळांची नोंदणी कधीच बंद झाली, तरी मालकाच्या मनातून धास्ती गेली नाही. लेखी करार करण्यापेक्षा तो जमीन पडीक ठेवतो, तिच्यावर झुडपं वाढतात, झुडपांत माकडं राहायला येतात आणि शेजारच्याचा मका खातात. शेजारीही कंटाळून शेत सोडतो. कूळकायद्याच्या आठवणी असलेल्या कोकणी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. उपाय म्हणजे पालिकेच्या साक्षीने पाच वर्षांचा लेखी ठेका, त्यात कुळाचा हक्क निर्माण होत नाही असं स्पष्ट कलम, आणि पहिल्या वर्षी माकडं न खाणारं पीक: आलं, हळद, टिमुर (तिरफळासारखा मसाला), अम्रिसो.

संस्थेने पहिल्यांदा जायचं ते फागुन-चैतात. तेव्हा झरे तळाला असतात, आणि वैशाखाच्या पूर्वार्धात वॉर्डांच्या निधीच्या मर्यादा ठरून वस्तीसभा सुरू होतात. योजना वस्ती, वॉर्ड, पालिका समिती आणि सभा या पायऱ्यांनीच वर जाते. दिवाळीनंतर प्रस्ताव घेऊन जाणाऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकायला मिळतं आणि ते खरं असतं. परदेशी संस्थेला थेट काम करता येत नाही. समाज कल्याण परिषद या सरकारी मंडळाशी करार आणि जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली, दर वर्षी नूतनीकरण झालेली स्थानिक भागीदार संस्था, दोन्ही लागतात. भागीदाराचं नूतनीकरण आणि लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. न दाखवणारा सोडून द्या.

वॉर्डाखाली सर्वांत भरवशाची संस्था म्हणजे सामुदायिक वन उपभोक्ता समूह. १९५७ मध्ये जंगलं सरकारने घेतली, जंगलं उजाड झाली. १९९३ च्या वन कायद्याने ती गावांच्या ताब्यात दिली, आणि आज असे बावीस हजारांहून जास्त समूह आहेत. त्यांच्याकडे आमसभेची सवय, बँक खातं आणि निम्म्या स्त्रिया असलेली कार्यसमिती असते. झऱ्याच्या वरचं पाणलोट बहुधा त्यांच्याच जंगलात येतं, म्हणून रिचार्जचे खड्डे आणि आहाल पुन्हा खोदण्याचं काम त्यांच्या कार्ययोजनेत घालून घ्या. पालिकेचा पैसा पाइप आणि टाकीला वापरा, तुमचा पैसा मोजणी, प्रशिक्षण आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कामाला, कारण असारनंतर जिवंत राहणारा पैसा त्या गावात फक्त तुमचाच असेल. आणि करारात एक कलम आवर्जून घाला: झऱ्याच्या वरच्या अंगाला रस्ता काढायचा झाला तर आखणी आधी न्यायिक समितीपुढे आणि वन समूहाच्या आमसभेत ठेवली जाईल. पालिका कुरकुरते, पण पाणी योजना सभेत मंजूर होण्याआधी मागितलं तर सही करते. मंजुरीनंतर करत नाही.